ओंकारेश्वर की ममलेश्वर? नर्मदेतील एका बेटाचा हजार वर्षांचा प्रवास (दीर्घ धागा)

१/ बारा ज्योतिर्लिंगांच्या यादीत चौथे नाव येते ते ओंकारेश्वराचे. यात्रेकरू मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात पोहोचतो, नर्मदेच्या दक्षिण तीरावर उतरतो आणि तेथेच त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. समोर बेटावर ओंकारेश्वराचे शिखर दिसते. मागे, याच तीरावर, ममलेश्वराचे देवालय आहे. नाव एक आणि देवळे दोन. मग खरे ज्योतिर्लिंग कोणते?

२/ या प्रश्नावर समाजमाध्यमांत दर श्रावणात वाद रंगतो. वाद घालणारे बहुधा पुराणवचने पुढे करतात. परंतु या बेटाजवळ दगडी आणि ताम्रपटी पुरावा विपुल आहे, आणि तो अधिक रंजक गोष्ट सांगतो. आधी भूगोल, मग शिलालेख, मग माणसे, अशा क्रमाने जाऊ या.

३/ बेटाचे नाव मांधाता. इक्ष्वाकू वंशातील मांधाता राजाने येथे तप केले, अशी श्रद्धा. दक्षिणेकडून नर्मदेचा मुख्य प्रवाह वाहतो. उत्तरेकडच्या प्रवाहाला ‘कावेरी’ म्हणतात. कावेरी नावाची लहान नदी वरच्या अंगाला दक्षिणेकडून नर्मदेला मिळते, तिच्या पोटातून न मिसळता पलीकडे जाते आणि बेटाला वळसा घालून पुन्हा नर्मदेत येते, अशी समजूत आहे. म्हणून बेटाच्या पश्चिम टोकाला संगम मानला जातो.

४/ जलशास्त्राने ही समजूत तपासण्यात अर्थ नाही. तिचे काम निराळे आहे. एकाच नदीच्या दोन फाट्यांना दोन नावे दिली की बेट दोन पवित्र नद्यांच्या कुशीत येते आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर स्नानासाठी एक संगम मिळतो. तीर्थाचा नकाशा असा भूगोल आणि श्रद्धा यांच्या संमतीने काढला जातो.

५/ आता पुरावा. या परिसरातील सर्वांत महत्त्वाचा लेख बेटावर नाही; तो दक्षिण तीरावरील अमरेश्वर, म्हणजेच आजच्या ममलेश्वर मंदिराच्या भिंतींवर आहे. विक्रम संवत ११२०, अर्थात इ. स. १०६३. माळव्यावर तेव्हा परमारांचे राज्य होते. भोजराजाच्या निधनाला फार वर्षे लोटली नव्हती.

६/ त्या भिंतींवर दानाची नोंद किंवा विजयाची प्रशस्ती कोरावी, तसे संस्कृत स्तोत्रवाङ्मय कोरलेले आहे. त्यात हलायुध नावाच्या कवीचे शिवस्तोत्र आहे आणि महाराष्ट्रात घरोघरी रुद्राभिषेकाच्या वेळी म्हटले जाणारे शिवमहिम्न स्तोत्रही आहे. आज प्रचलित पाठात महिम्नाचे ४३ श्लोक असतात. अमरेश्वराच्या भिंतीवर ३१ आहेत.

७/ या फरकाचे मोल मोठे आहे. पोथ्या जीर्ण होतात, नकलकार भर घालतात आणि मूळ पाठ कोठे संपत होता हे सांगणे अवघड होते. दगडावर तारखेसह कोरलेला पाठ मात्र गोठून राहतो. स्तोत्राच्या शेवटी येणारे फलश्रुतीचे श्लोक पुढे जोडले गेले असावेत, या अनुमानाला या भिंतीने आधार दिला. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९६५ मध्ये महिम्नाची आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा या लेखाचा उपयोग केला.

८/ हलायुध माळव्याचा नव्हता. लेखानुसार तो दक्षिण राढ, म्हणजे आजच्या पश्चिम बंगालच्या भागातला. स्तोत्रांबरोबर पाशुपत पंथाच्या साधूंचेही उल्लेख येतात. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की अकराव्या शतकात अमरेश्वर हे केवळ निमाडच्या पंचक्रोशीचे दैवत नव्हते. दूर पूर्वेकडच्या कवीची रचना येथे कोरली जात होती आणि ती जपणारे साधू येथे राहत होते.

९/ ताम्रपटांचीही साक्ष हीच आहे. परमार राजा जयसिंह याच्या संवत १११२ (इ. स. १०५५) च्या मांधाता ताम्रपटात अमरेश्वर येथील ब्राह्मणांसाठी एक गाव दान दिल्याची नोंद आहे. पुढे देवपाल (संवत १२८२) आणि दुसरा जयवर्मा (संवत १३१७) यांचेही ताम्रपट मांधात्याशी निगडित आहेत. दोनशे वर्षे एका राजवंशाचे लक्ष या ठिकाणाकडे होते.

१०/ मग बेटावर काय होते? तेथेही प्राचीन अवशेष आहेत. टेकडीवरचे सिद्धनाथ मंदिर आज भग्न असले तरी त्याच्या उंच जोत्यावरील झुंजणाऱ्या हत्तींची शिल्पे पाहून मूळ वास्तूच्या भव्यतेची कल्पना येते. गौरी सोमनाथाच्या मंदिरात काळ्या पाषाणाचे प्रचंड लिंग आहे. बेट ओसाड होते आणि सारे वैभव तीरावर होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

११/ खुद्द ओंकारेश्वराचे मंदिर मात्र वेगवेगळ्या काळांच्या थरांनी बनलेले आहे. सभामंडपाचे कोरीव दगडी खांब जुन्या धाटणीचे, वरचे मजले नंतरचे. पाच मजल्यांवर ओंकारेश्वर, महाकालेश्वर, सिद्धनाथ, गुप्तेश्वर आणि ध्वजेश्वर अशी देवस्थाने. आणि सर्वांत विलक्षण बाब अशी की मूळ लिंग शिखराच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे. शास्त्रानुसार एका हाताने बांधलेल्या देवळात असे सहसा घडत नाही. जुने पूजास्थान न हलवता त्याभोवती वास्तू वाढत गेली, असे त्यातून सुचते.

१२/ तीर आणि बेट यांतील चढाओढ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश गॅझेटियरांत एक स्थानिक कथा नोंदवलेली आढळते. पेशव्यांनी जीर्णोद्धार करावयाचे मनात आणले तेव्हा मूळ स्थान दाट झाडीत सापडेना. म्हणून नवे देऊळ बांधले गेले आणि पुढे झाडीतून जुने अवशेष निघाले. कथेचा तपशील शब्दशः स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु ‘मूळ देव कोणता’ हा वाद तेव्हाही जिवंत होता, हे तिच्यावरून दिसते.

१३/ परंपरेने या वादावर आपला तोडगा काढला आहे. शिवपुराणातील कथेत विंध्य पर्वताच्या तपाने प्रसन्न झालेल्या शिवाचे एकच लिंग दोन रूपांत विभागते: एक प्रणवात, एक पार्थिवात. म्हणून दोन्ही मिळून एक ज्योतिर्लिंग. दोन प्रतिस्पर्धी देवस्थानांना एका कथेत सामावून घेण्याची ही रीत भारतीय तीर्थांच्या इतिहासात पुनःपुन्हा भेटते.

१४/ या पार्थिव रूपाशी मराठी इतिहासाचा धागा जुळतो. अहिल्याबाई होळकरांची राजधानी महेश्वर याच नर्मदेवर, खालच्या अंगाला. ममलेश्वरात ब्राह्मणांकडून रोज हजारो पार्थिव लिंगे करवून पूजा करण्याची प्रथा होळकरांच्या आश्रयाने चालत आली. खाचा पाडलेल्या लाकडी पाटावर मातीची इवली लिंगे मांडायची, पूजा करायची आणि नर्मदेत विसर्जन करायचे. नदीची माती रोज देव होते आणि रोज नदीत परतते.

१५/ परंतु या बेटाचा इतिहास केवळ राजे आणि राण्यांचा नाही. मांधात्याच्या देवस्थानांची वंशपरंपरागत देखरेख भिलाला समाजाच्या राव घराण्याकडे होती. घराण्याची परंपरा सांगते की चौहान वंशातील भारतसिंह याने नथू भिल्लाकडून हे ठिकाण घेतले. राजपूत आणि भिल्ल यांच्या संबंधांतून भिलाला समाजाची उत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे परंपरेनुसारही या बेटाचा आधीचा धनी भिल्ल होता. तीर्थाच्या माहितीफलकांवर हे नाव क्वचितच दिसते.

१६/ आणखी एक पान अस्वस्थ करणारे आहे. बेटाच्या पूर्व टोकाला बीरखला नावाचा कडा आहे. भैरवाला देह अर्पण करण्यासाठी भाविक तेथून खाली खडकांवर उडी घेत. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत असा एक प्रसंग १८२० च्या दशकात घडला. त्याच दशकात ही प्रथा बंद झाली. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या पुस्तकात तिचे वर्णन केले.

१७/ ही नोंद वाचताना दोन सोपे मार्ग टाळावे लागतात. ‘वसाहतवाद्यांनी रचलेली बदनामी’ म्हणून ती झटकता येत नाही. तीर्थात स्वेच्छेने देहत्याग करण्याचा विचार संस्कृत धर्मग्रंथांनाही परिचित आहे. आणि तिच्यावरून साऱ्या तीर्थाला रानटी ठरवणेही अन्यायाचे. ज्या भिंतींवर महिम्न कोरले गेले त्या भिंती आणि तो कडा एकाच क्षेत्रात आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोहोंसमोर उभे राहायला शिकावे.

१८/ एकोणिसाव्या शतकाने यात्रेचे स्वरूपच बदलले. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा–इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. त्या दशकात ‘होळकर स्टेट रेल्वे’ नर्मदा ओलांडून पलीकडे गेली. खंडव्याला मुंबईकडून येणारा लोहमार्ग होताच. खानदेश आणि वऱ्हाडातून पूर्वी बैलगाडीने होणारी यात्रा आता आगगाडीच्या आवाक्यात आली.

१९/ या बदलाची खूण एका मराठी पोथीतही उमटली आहे. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात शेगावचे गजानन महाराज आणि त्यांचे भक्त सोमवती अमावास्येला ओंकारेश्वरी जातात. परतताना रस्त्यावर गाड्यांची दाटी, म्हणून मंडळी नावेने निघतात. नाव खडकावर आदळून फुटते आणि नर्मदा स्वतः ती सावरते. चमत्कार श्रद्धेचा विषय. पण पर्वणीची गर्दी, तुंबलेली वाट आणि पात्रातले खडक हा तपशील सामाजिक इतिहासाचा आहे.

२०/ ते खडक आणि तो प्रवाह आज तसे उरलेले नाहीत. बेटाच्या लगत वरच्या बाजूला ओंकारेश्वर धरण आहे. ५२० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याच्याही वर इंदिरासागर. घाटावरचे पाणी आता पावसावर जेवढे, तेवढेच वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

२१/ याचा अर्थ काय, हे ७ एप्रिल २००५ रोजी दिसले. देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी हजारो भाविक जमले असताना इंदिरासागरातून सोडलेल्या पाण्याने नदी अचानक चढली आणि साठहून अधिक माणसे वाहून गेली. पर्वणीची तिथी पंचांगात शतकानुशतके ठरलेली होती. पाणी सोडणाऱ्या यंत्रणेच्या वेळापत्रकात तिला जागा नव्हती.

२२/ धाराजीच्या प्रपाताजवळचे धावडी कुंड हे बाणलिंगांचे उगमस्थान. प्रवाहात घोळून गुळगुळीत झालेले तेथील दगड देशभरच्या देव्हाऱ्यांत गेले. कितीतरी मराठी घरांतील बाणही तिकडचेच. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात हे कुंड बुडाले. जलाशयाची पातळी वाढवण्याविरुद्ध २०१२ मध्ये घोगलगावच्या ग्रामस्थांनी सतरा दिवस पाण्यात उभे राहून सत्याग्रह केला, तोही याच धरणामुळे.

२३/ आता पुन्हा पहिला प्रश्न. खरे ज्योतिर्लिंग कोणते? उपलब्ध पुराव्यात अकराव्या शतकातील तारीख असलेला मंदिरलेख आणि दानाची नोंद अमरेश्वराच्या बाजूने आहे. एवढेच इतिहास सांगू शकतो. बेटावरच्या लिंगाची पूजा केव्हा सुरू झाली याचा निवाडा त्यातून होत नाही, आणि पावित्र्याचा तर मुळीच नाही. तीरावर कोरलेला लेख सापडला म्हणून बेटावरची हजारो पावले खोटी ठरत नाहीत.

२४/ एका यात्रेकरूपुरता मात्र हा पेच आचारधर्मानेच सुटलेला आहे. नर्मदा परिक्रमा करणाऱ्याने नदी ओलांडायची नसते. ओंकारेश्वराहून निघालेला परिक्रमावासी म्हणून बेटावर जात नाही. दक्षिण तीरावर ममलेश्वराचे दर्शन घेतो आणि चालू लागतो. समुद्रापर्यंत जाऊन, पलीकडच्या तीराने अमरकंटक गाठून, महिनोन्‌महिने चालून तो परत येतो. परिक्रमा पुरी झाल्यावरच पूल ओलांडतो आणि वाटभर सांभाळलेले नर्मदेचे जल ओंकारेश्वराला वाहतो.

२५/ ओंकारेश्वरास जाणाऱ्याने म्हणून घाईने पूल ओलांडू नये. आधी ममलेश्वराच्या भिंतींपुढे थोडा वेळ थांबावे. अक्षरे झिजली आहेत, वाचता येणार नाहीत; पण येथे ३१ श्लोकांवर थांबलेले महिम्न आहे, एवढे ठाऊक असले तरी पुरे. त्यानंतर बेटाकडे जावे. नर्मदे हर! (समाप्त)