मेलेलं परत कसं येतं?

आमच्या कुंभार पिंपळगावात कॅन्सर म्हटलं की आधी तोंडाचाच डोळ्यांपुढे येतो. तंबाखू मळणारे हात घरोघरी. माझे आजोबा त्यातच गेले. किमोने गाठ बसली, आम्ही पेढे वाटले आणि चार महिन्यांत ती परत आली. "मेलेलं परत कसं येतं रे?" आजीने विचारलं. मी कोड लिहिणारा माणूस, वाचत बसलो.

१९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी पेशीच्या शिस्तशीर मरणाला 'अ‍ॅपॉप्टोसिस' म्हटलं. शब्द सुचवला अ‍ॅबर्डीनमधल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. अर्थ पानगळ. लिंबाची पानं गळावीत तशी पेशी गुपचूप गळते, शेजारच्या पेशी तिला गिळतात. प्रोसेस नीट बंद, लॉगमध्ये एरर नाही.

पण लॉगच नसेल तर रोगप्रतिकारशक्तीला कळणार कसं? २००५ ते २००७ दरम्यान फ्रान्समध्ये क्रोमर आणि झिटव्होगेल यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की डॉक्सोरुबिसिनच्या जातीची औषधं दिली तर मरणारी पेशी कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते आणि त्यामुळे टी-पेशींपर्यंत तिची ओळख पोचते. बोंब मारत मेलेली पेशी लसीचं काम करते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन मात्र हे प्रथिन नीट बाहेर आणत नाही. इथे मी बराच वेळ थांबलो होतो.

टी-पेशीला नुसती ओळख पटून भागत नाही. गाठ तिचा ब्रेक दाबून धरते. निवोलुमॅब तो सोडवतं. औषध महाग. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकेमानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना फक्त गोळ्यांची किमो, बाकीच्यांना तिच्यासोबत दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४०! २०२२ साली निकाल आला: वर्षभर जगण्याचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर.

ब्रेक सुटला तरी मारणं उरतंच. टी-पेशी हुकूम देते, मरायची यंत्रणा गाठीच्या पेशीची स्वतःची. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांना दिसलं, की ल्युकेमियाच्या पेशीत ही वायरिंग तुटलेली असेल तर कार-टी पेशी झुंजून झुंजून थकतात.

आजीला ४३ चा आकडा सांगितला. "आन् उरलेल्यांचं?" ती म्हणाली आणि मिश्रीची डबी शोधायला उठली.