बॉलर निवडायची अक्कल आणि १८८७चा कायदा

ड्रीम११चे पैशांचे सामने बंद झाले तेव्हा "जुगार गेला, बरं झालं" म्हणणारे खूप भेटले. मला ते अर्धंच पटतं. बॉलर निवडायला अक्कल लागते, हे मी आमच्या जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत बघितलंय. रंगकाम करणारी पोरं टॉस झाला की हिशेब मांडायची: समोर डावखुरे किती, हा शेवटची षटकं टाकतो का, वानखेडेवर दव पडलं तर चेंडू हातातून सटकेल का. अमेरिकेत बेसबॉलच्या पिचरचा असाच हिशेब चालतो. पण तिथला पिचर पाच-सहा इनिंग टाकेल असं धरता तरी येतं. आपल्या ट्वेंटी-२०त बॉलरला मिळून २४ चेंडू. एक झेल सुटला की गणित संपलं!

"अक्कल की नशीब" ही भानगड जुनीच. मुंबईच्या १८८७च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावणाऱ्यांना, पुढे मटकेवाल्यांना ती मिळणं शक्यच नव्हतं. आकड्यात कसली आलीय अक्कल. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सुप्रीम कोर्टाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम११ला तोच धागा कामी आला. ३० एप्रिल २०१९ला मुंबई हायकोर्टाने संघ निवडणं हे कौशल्यच आहे असं मानलं.

माझा आक्षेप इथे आहे. संघ निवडायला अक्कल लागते का, एवढाच प्रश्न विचारला गेला. समोर कोण बसलंय, हे कोणी विचारलं नाही. ४९ रुपये भरणारा जोह्याचा पोरगा लाखो संघांशी लढायचा. त्यात एकेकाने अनेक संघ लावलेले, जवळ आकडेवारीची सगळी हत्यारं. जिंको कोणीही, कंपनीचा वाटा आधीच कापलेला.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने हा वादच गुंडाळून ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन असेल तर बंद. २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी, २७ला गणेश चतुर्थी. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पोरं आता फुकटचे संघ लावतात. बॉलरवरून भांडणं मात्र तेवढीच.