कबड्डीचा लिलाव : चढाईपटू महाग का आणि कोपरारक्षकाचे मोल किती?

प्रो कबड्डी लीगच्या २०२१ मधील लिलावात यूपी योद्धा संघाने प्रदीप नरवाल या चढाईपटूसाठी १ कोटी ६५ लाख रुपये मोजले. स्पर्धेच्या इतिहासात तोपर्यंत कोणत्याही खेळाडूला इतकी किंमत मिळाली नव्हती. त्या वेळी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ४ कोटी ४० लाख रुपयांची मर्यादा होती. म्हणजेच या संघाने आपल्या निधीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकाच खेळाडूवर खर्च केला. त्या हंगामात संघाने उपांत्य फेरी गाठली. मात्र तेथे प्रदीपच्याच जुन्या संघाने, पाटणा पायरेट्सने, त्याचा ३८-२७ असा पराभव केला.

संघ उभारताना कोणत्या जागेसाठी किती पैसा मोजावा, हा व्यावसायिक खेळातील कळीचा प्रश्न आहे. नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथे आपले घरचे सामने खेळलेल्या यूपी योद्धा संघाची वाटचाल या प्रश्नाचे ठळक उदाहरण ठरते.

मैदानावरील सात जागा

कबड्डीत एका वेळी प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक उभे राहतात. त्यांच्या आतल्या बाजूच्या जागांवर बहुधा चढाईपटू असतात आणि मधल्या फळीत डावा व उजवा मध्यरक्षक असतात. चढाईसाठी ३० सेकंदांचा अवधी मिळतो. लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद होतो.

गुणांचे गणित चढाईपटूच्या बाजूने झुकलेले आहे. एका चढाईत तो कितीही बचावपटूंना बाद करू शकतो आणि बचावात सहा किंवा सात खेळाडू असतील, तर बोनस रेषा ओलांडून गुण मिळवू शकतो. यशस्वी पकडीचा मात्र एकच गुण मिळतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना केलेली अव्वल पकड तेवढी दोन गुणांची असते. प्रदीप नरवालने पाटण्याकडून खेळताना २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले होते. त्यानंतरच्या, २०१८ च्या हंगामात यूपी योद्धाचा उजवा कोपरारक्षक नितेश कुमार पकडीच्या १०० गुणांचा टप्पा गाठणारा स्पर्धेतील पहिला बचावपटू ठरला.

केवळ आकडे पाहिले तर चढाईपटूला अधिक किंमत मिळणे स्वाभाविक वाटते. परंतु पकड झालेला चढाईपटू मैदानाबाहेर जातो आणि त्याचा संघ गुण मिळवून त्याला जिवंत करीपर्यंत बाहेरच बसतो. त्या काळात त्याला न मिळालेले गुण पकड करणाऱ्याच्या खात्यात कोठेही नोंदले जात नाहीत. कोपरारक्षकाची खरी किंमत या न दिसणाऱ्या गुणांत आहे. चढाईपटू मागे वळताना त्याचा घोटा धरण्याची संधी बहुधा कोपऱ्यालाच मिळते. मध्यरक्षकाचे काम अनेकदा वाट अडवण्याचे आणि साखळीत साथ देण्याचे असते.

चढाईपटूंवर पैज

यूपी योद्धा संघ २०१७ मध्ये पाचव्या हंगामात स्पर्धेत उतरला. पहिल्याच लिलावात त्याने चढाईपटू नितीन तोमरला ९३ लाख रुपये दिले. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली होती. २०१८ मध्ये मुंबईकर चढाईपटू रिशांक देवाडिगाला संघाने १ कोटी ११ लाख रुपयांना कायम राखले. त्यानंतर प्रदीप आला. परंतु २०२५ च्या बाराव्या हंगामापर्यंत या संघाला विजेतेपद मिळाले नव्हते.

चढाईपटूची किंमत एका हंगामात किती बदलू शकते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईच्या उदाहरणावरून दिसते. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. त्या हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले.

मोठ्या बोलीतील जोखीमही तेवढीच मोठी असते. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला. तरीही नवोदित चढाईपटू नरेंदर आणि सागर व साहिल गुलिया हे कोपरारक्षक यांच्या बळावर हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला. बाद फेरीत त्याने बरोबरीनंतरच्या निर्णायक चढायांमध्ये हरवलेला संघ यूपी योद्धाच होता. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले. तेव्हा खर्चाची मर्यादा ५ कोटी होती. म्हणजे निम्म्याहून अधिक निधी एका खेळाडूवर गेला. पवन गुण मिळवत राहिला, परंतु २२ सामन्यांत केवळ दोन विजय मिळवून संघ तळाला राहिला.

पुण्याचा उलटा हिशेब

त्याच २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने वेगळा मार्ग धरला. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, मोहित गोयत हे तरुण खेळाडू संघाने आपल्याच युवा पलटणीतून घडवले होते. चढाईची बाजू अशी भरलेली असल्याने संघाने मोठी रक्कम इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी राखली. लिलावात अष्टपैलू म्हणून नोंद असलेल्या या खेळाडूची खरी ओळख डावा कोपरारक्षक हीच आहे. पाटण्याने २०२१ मध्ये त्याला ३१ लाख रुपयांना घेतले होते. पुण्याने २ कोटी ३५ लाख रुपये दिले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात हरियाणाने शादलूईला २ कोटी ७ लाख रुपयांना घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणाही प्रथमच विजेता झाला.

अर्थात, कोपरारक्षक म्हणजे विजयाची हमी नव्हे. २०२५ मध्ये शादलूई २ कोटी २३ लाख रुपयांना गुजरात जायंट्सकडे गेला. विजेतेपद मात्र दबंग दिल्लीने पटकावले. महाग बचावपटूचे मोल संघात गुण आणणारे चढाईपटू आधीच असतील तरच वसूल होते.

अमेरिकेतील तोच प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत लिलाव नसतो. मागील हंगामातील सर्वांत दुबळा संघ नवोदितांची निवड सर्वप्रथम करतो आणि ३२ संघ सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात. २०११ पासून नवोदिताचे मानधन मुख्यतः त्याच्या निवडीच्या क्रमावर ठरते, जागेवर नाही. त्यामुळे खुल्या बाजारात सर्वांत महाग असणाऱ्या जागांचे खेळाडू आधी उचलणे संघांना परवडते. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक यात अग्रस्थानी असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू राखणारा डावा टॅकल आणि क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा बचावपटू यांचेही महत्त्व मोठे आहे. याउलट, चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला १९९५ नंतर एकदाही पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले नाही. प्रेक्षकांना आवडणारी जागा आणि सामना जिंकून देणारी जागा एकच असते असे नाही, हे तेथील संघांनी ओळखले आहे.

खेळाडूच्या दृष्टीने

या हिशेबाचा परिणाम खेळाडूंच्या उपजीविकेवर होतो. चढाईपटूला लवकर आणि मोठी किंमत मिळते, पण पायांचा वेग मंदावला की ती तितक्याच वेगाने उतरते. प्रदीप नरवालला २०२२ मध्ये ९० लाख, २०२४ मध्ये ७० लाख रुपये मिळाले आणि २०२५ च्या लिलावात कोणीच बोली लावली नाही. स्पर्धेत चढाईचे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या या खेळाडूने त्यानंतर निवृत्ती जाहीर केली. दुसरीकडे, सुनील कुमार या मध्यरक्षकाला यू मुंबाने २०२४ मध्ये १ कोटी १ लाख ५० हजार रुपये दिले. २०१४ मधील पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत १२ लाख ८० हजार रुपये होती. दहा वर्षांत बाजार वाढला आणि बचावाचे मोलही संघमालकांना उमगू लागले. गावोगावच्या मैदानांवर कोपरा सांभाळणाऱ्या मुलांसाठी हा बदल महत्त्वाचा आहे.