सुकाणूची उलटी आज्ञा

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं 'टायटॅनिक'च्या वाटेंत हिमनग दिसतांच अधिकारी मर्डॉक यांनीं हुकूम दिला, 'हार्ड अ-स्टारबोर्ड', म्हणजे दांडा पुरता उजवीकडे! सुकाण्या हिचेन्स यानें चक्र फिरविलें आणि जहाज वळूं लागलें तें डावीकडे. हुकूम देणारा चुकला नव्हता, पाळणाराहि चुकला नव्हता.

पूर्वीं जहाजांस चक्र नव्हतें. सुकाणूच्या माथ्याशीं एक दांडा असे. तो उजवीकडे लोटला कीं सुकाणूचें पातें डावीकडे जाई, त्यावर पाण्याचा दाब येऊन पिछाडी उजवीकडे सरे आणि नाळ डावीकडे वळे. अठराव्या शतकाच्या आरंभीं चक्र आलें, परंतु हुकूम दांड्याचेच राहिले. ऐकावयाचें 'उजवीकडे' आणि चक्र फिरवावयाचें डावीकडे! कवाइतींत डाव्याउजव्याचा घोटाळा करणारीं मुलें मीं जन्मभर पाहिलीं. त्यांची येथें काय गत झाली असती!

अखेर १९२९ सालीं लंडनच्या परिषदेनें ठरविलें कीं, जहाज पुढें जात असतां 'उजवीकडे' म्हटल्यास चक्र, पातें व नाळ हीं तिन्ही उजवीकडेच गेलीं पाहिजेत. ब्रिटननें १९३२ सालीं तसा कायदा केला. जुन्या हुकुमांत मुरलेल्या हातांस हा बदल सोपा नव्हता. क्षणभराची संवय बोट खडकावर घालावयास पुरे.

लहान मोटारबोटीच्या पिछाडीस टांगलेल्या यंत्राचा दांडा आजहि उजवीकडे लोटून पाहा. बोट डावीकडेच वळेल.