मोरचूद: द्राक्षमळ्यातून माशांच्या टाकीत

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटले, मासा दगडाला अंग घासू लागला, खाणं सोडून कोपऱ्यात जोरजोरात कल्ले हलवू लागला, की जाणकार पहिलं नाव घेतात ते ‘कॉपर’चं. बाटलीवर नाव काहीही असो, आत तांब्याचं संयुग असतं, आणि त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे आपलं मोरचूद. प्रमाण मात्र चिमटीतही धरता येणार नाही इतकं कमी: लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला फार तर ८० मिलिग्रॅम मोरचूद. याहून कमी पडलं तर परजीवी तगतो, फार वाढलं तर मासाच जातो. तांबं मोजायचं टेस्ट किट जवळ नसेल तर या औषधाच्या वाटेला जाऊ नये, असं म्हणतात ते यामुळेच.

इतकं तोलूनमापून द्यायचं औषध कुणीतरी खास माशांसाठी शोधलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते शेतीतून उसनं आलेलं आहे.

१८०७ मध्ये फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावी बेनेदिक्त प्रेव्होस्त गव्हावरच्या काणी रोगाचा पिच्छा पुरवत होते. तांब्याचा अंश उतरलेल्या पाण्यात या रोगाचे बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. पेरणीआधी बियाणं मोरचुदाच्या पाण्यातून काढावं, असा उपाय त्यांनी सुचवला. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पाऊणशे वर्षांनी बोर्दोजवळच्या मेदोक भागात द्राक्षांवर केवडा पसरला. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारत असत; हेतू एवढाच, की निळसर डागांना बिचकून वाटसरूंनी घड तोडू नयेत. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मिलार्दे यांनी पाहिलं, की आतल्या वेलींची पानं झडली असताना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी चुना आणि मोरचुदाच्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तेच आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचं बोर्डो मिश्रण.

एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि जवळपास तेवढाच चुना लागतो. माशांच्या टाकीच्या मानानं हे प्रमाण बारा हजार पटींहून जास्त. दोन्हीकडे काम मात्र एकाच तत्त्वावर चालतं. केवड्याचा जंतू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत पोहत पर्णरंध्रापर्यंत पोचतो. एकदा तो पानात शिरला, की वरून मारलेलं तांबं त्याचं काही करू शकत नाही. म्हणून अनुभवी बागायतदार रोग दिसायची वाट न बघता पावसाचा अंदाज घेऊन आधीच फवारतो. तांबं शत्रूला तो पोहत असतानाच गाठतं. आज ही ओळ माशांवरच्या उपचाराचा पाया आहे, पण माशांवाल्यांना ती उमगायला बराच काळ जावा लागला.

द्राक्षमळ्यातून तांबं आधी पाणीपुरवठ्यात पोचलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ मध्ये जलाशयांतलं शेवाळ मारायला मोरचूद वापरण्याची पद्धत मांडली. अत्यल्प मात्रेतलं तांबं पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांना मारतं, हे आता शेतीबाहेरच्या लोकांनाही कळलं होतं. ज्या शत्रूवर ते पुढे चालणार होतं, त्याला अजून नाव मात्र नव्हतं.

ते नाव सार्वजनिक मत्स्यालयांत मिळालं, कारण त्या काळी समुद्री मासे पाळणं हे त्यांचंच काम होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात मासे भराभर मरत होते. त्यांच्या कल्ल्यांवर चिकटलेल्या एका एकपेशीय जिवाचं वर्णन ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये केलं. हाच पुढे अमायलूडिनियम म्हणून ओळखला गेला. छंदिष्ट त्याला ‘वेल्वेट’ म्हणतात, कारण माशाच्या अंगावर मखमलीसारखी धूळ बसल्यासारखी दिसते. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचं जीवनचक्र तपशिलात मांडलं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळा. त्याची नोंद जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये केली आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनीच त्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिलं. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालयही याच १९५१ सालचं.

दोन्ही परजीवी कुळानं एकमेकांपासून दूरचे, पण त्यांचा दिनक्रम सारखा आहे. आधी माशाच्या अंगावर राहून खायचं. क्रिप्टोकॅरिऑन तर कातडीच्या आत शिरून बसतो. पोट भरलं की मासा सोडून तळाशी जायचं, भोवती कठीण कवच करायचं आणि आत विभागत राहायचं. वेल्वेटच्या एका कवचातून २५६ पर्यंत पोरं बाहेर पडू शकतात. मग ही पोरं नवा मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. कातडीखाली असताना आणि कवचात असताना तांबं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सापडतात ती फक्त या पोहण्याच्या थोड्या तासांत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये वेल्वेटवर मोरचुदाच्या उपचाराविषयी लिहिलं आणि खाऱ्या पाण्यात तांब्याची रीतसर परंपरा सुरू झाली. अडचण लगेच समोर आली. सकाळी मोजून टाकलेलं तांबं संध्याकाळी मोजलं तर कमी भरायचं. कारण बोर्डो करणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. मळ्यात तांब्याला आवर घालायला चुना घालतात. चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट आधीच असतं आणि टाकीच्या तळाची शिंपल्या-प्रवाळांची वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. मळ्यात जे मुद्दाम घडवून आणावं लागतं ते टाकीत नको असताना आपोआप घडतं: तांबं साक्याच्या रूपात खाली बसतं, वाळूला चिकटतं, आणि पुढे पाण्याची आम्लता वाढली तर अचानक परत सुटतं. म्हणून उपचाराच्या टाकीत वाळू आणि प्रवाळी दगड ठेवत नाहीत. काचेचा उघडा तळ, माशाला लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर, आणि रोजचं मोजमाप. या त्रासावर तोड म्हणून तांब्याला दुसऱ्या रेणूत बांधून ठेवणारी औषधं आली. त्यांची मात्रा प्रत्येकाची निराळी. सीचेमचं क्युप्रामाइन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमला धरतात. एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावला तर सगळाच घोटाळा होतो.

दरम्यान खारे मासे घरात आले. १९६० च्या दशकात पाण्यात विरघळवायचं तयार समुद्री मीठ आणि सिलिकॉननं जोडलेल्या पूर्ण काचेच्या टाक्या मिळू लागल्या. खाऱ्या पाण्यानं गंजणारी लोखंडी चौकट गेली. त्या टाक्यांत शोभेला ठेवलेलं प्रवाळ म्हणजे धुऊन पांढरा केलेला मेलेला सांगाडा असे, त्यामुळे मुख्य टाकीतच तांबं घातलं तरी कुणाचं काही बिघडत नसे. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी अमेरिकी मासिकातून ‘मिनी-रीफ’ची ओळख करून दिली आणि घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ, कोळंबी, शंख नांदू लागले. माशाला सोसणारी तांब्याची मात्रा या सगळ्यांना विष आहे. मोरचूद मुख्य टाकीतून हद्दपार झालं आणि आजारी माशासाठी वेगळी टाकी ठेवणं भाग पडलं.

तांब्याला बगल देणारा रस्ता सापडला तो तांबड्या समुद्राकाठच्या एलातला. तिथल्या मत्स्यशेतीत खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या सी-ब्रीम माशांवर क्रिप्टोकॅरिऑन पसरायचा. अँजेलो कोलोर्नी यांनी त्याच्या दिनक्रमाचे दिवस मोजले. माशावर तो साधारण तीन ते सात दिवस राहतो. कवचातून पोरं बाहेर यायला सहसा किमान तीन दिवस जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उपाय आपोआप दिसतो. माशाला दर तिसऱ्या दिवशी वाळवलेल्या, स्वच्छ टाकीत, ताज्या पाण्यात हलवायचं, असं चार वेळा. प्रत्येक वेळी तळाशी पडलेली कवचं जुन्या टाकीत मागे राहतात आणि पोरं निघतात तेव्हा त्यांना मासा भेटतच नाही. औषध शून्य, लागतात दोन टब, दोन पंप आणि चुकवायचा नाही असा दिवस. कोलोर्नी यांचा आणखी एक उपाय १९८५ चा: पाण्याची क्षारता हजारी १० भागांपर्यंत उतरवून तीन तास ठेवायची, दर तिसऱ्या दिवशी, चार वेळा. घरच्या छंदिष्टांनी तो आठवडे चालणाऱ्या कमी क्षारतेच्या उपचारात बदलून घेतला. पुढे तैवानमध्ये कमी क्षारतेतही तगणारे वाण सापडले आणि त्यावरचा भरवसा ओसरला.

गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर हीटर वाढवून काम भागतं, म्हणून तीच युक्ती खाऱ्या पाण्यात करणारे आजही आहेत. पण ठिपके सारखे दिसले तरी दोन्ही परजीवींचं कूळ एक नाही, हे २००२ पर्यंत स्पष्ट झालं होतं. इथे दिवसच मोजावे लागतात. काही कवचं फार चिवट निघाली. ७२ दिवसांनंतर पोरं बाहेर आल्याचीही नोंद आहे. त्यावरूनच मुख्य टाकी माशांविना ७६ दिवस रिकामी ठेवण्याचा छंदिष्टांचा दंडक आला. प्रवाळ आणि शंख तिथेच राहतात, मासे बाहेर. घरातल्या पोरांना अडीच महिने ही मासे नसलेली टाकी दाखवत बसणं हाच या उपचाराचा सगळ्यात अवघड भाग.

तरी तांबं निवृत्त झालेलं नाही. वेल्वेटची कवचं तीन दिवसांची वाट बघत नाहीत, त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी टाकी बदलण्याचं गणित त्याच्यापुढे कोलमडतं. निमखाऱ्या पाण्यातही तो तगतो. ठिपके दिसायच्या आत, नुसता श्वास वाढलेला असतानाच, टाकीतले मासे एक-दोन दिवसांत जाऊ शकतात. त्याच्यावर हिवतापाचं क्लोरोक्विन चालतं. नाहीतर १९५५ चं तांबं. यातलं एकही औषध घरच्या शोभेच्या माशासाठी जन्मलेलं नाही: एक गव्हा-द्राक्षाचं, दुसरं माणसाच्या तापाचं, तिसरा उपाय बाजारात विकायच्या माशाचा. छंदिष्टांनी स्वतःची म्हणून भर घातली ती शिस्तीची. नवा मासा कितीही तुकतुकीत दिसो, त्याला आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि उपचार रोग दिसायच्या आधीच उरकायचा. बागायतदार पावसाआधी फवारतो तो हाच हिशेब, आणि तो पाळणाऱ्याला मुख्य टाकीसाठी बाटली उघडायची वेळ क्वचितच येते.