फॉलोअर गुपचूप म्यूट का करतात? महाड-पोलादपूरच्या पावसाळी पेजेसवरून समजून घ्या

पाऊस सुरू झाला की वरंध घाट, आंबेनळी घाट आणि किल्ले रायगडाच्या वाटेवरच्या होमस्टेंची, हॉटेलांची इन्स्टाग्राम पेजेस जागी होतात. धुकं, धबधबा, गरम भजी. सकाळी एक रील, दुपारी तीच रील स्टोरीत, संध्याकाळी "वीकेंडला दोनच रूम शिल्लक". जूनच्या पहिल्या आठवड्यात हे बघायला बरं वाटतं. जुलैपर्यंत बोट आपोआप पुढे सरकायला लागतं.

पेज चालवणाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नाही. आकडा ४,००० होता, तो ४,००० च राहतो.

अनफॉलो नाही, म्यूट

कंटाळलेला माणूस अनफॉलो करतोच असं नाही. विशेषतः गावातल्या ओळखीच्या माणसाचं पेज असेल तर संकोच आडवा येतो. त्यावर कंपन्यांनीच सोय करून ठेवली आहे. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये 'स्नूझ' आणलं, म्हणजे एखादं पेज ३० दिवस नजरेआड करता येतं. इन्स्टाग्रामने मे २०१८ मध्ये म्यूटचं बटण दिलं. म्यूट केल्याची सूचना समोरच्याला जात नाही.

त्यामुळे फॉलोअर किती, यापेक्षा पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी ती सेव्ह केली आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, हे बघणं जास्त उपयोगाचं. फॉलोअर तेवढेच आणि पोहोच महिन्यागणिक खाली येत असेल, तर लोक कंटाळले असण्याची शक्यता तपासायला हवी.

'जय शिवराय लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका'

रायगडाच्या परिसरात ही युक्ती फार चालते. किल्ल्याचा फोटो टाकायचा आणि कमेंटमध्ये जयघोष मागायचा. कमेंट येतात, कारण न लिहिणं अनेकांना अवघड वाटतं. पण जयघोष करणारा माणूस रूम बुक करायला आलेला नसतो. शिवाय लाईक, कमेंट, शेअर, टॅग किंवा मत मागण्यासाठीच केलेल्या अशा पोस्ट आपण मागे ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. "तीन मित्रांना टॅग करा" हाही त्यातलाच प्रकार.

रीलच्या स्पर्धा त्याहून वाईट. "सगळ्यात भन्नाट रील पाठवा, एक रात्र मोफत" असं लिहिलं की कुणीतरी कड्याच्या टोकाशी जाणारच. शेजारच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यावर जुलै २०२४ मध्ये मुंबईहून आलेली एक रीलस्टार तरुणी दरीत कोसळून गेली. बक्षीस जाहीर करण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.

मग लोक कशासाठी थांबतात?

त्यासाठी आधी फॉलोअर कोण आहेत ते बघावं लागतं. या दोन तालुक्यांतल्या पेजेसकडे साधारण दोन प्रकारची माणसं असतात. एक, मुंबई-पुण्याचा पर्यटक. दुसरा, कामासाठी बाहेर राहणारा चाकरमानी. त्याला रूम नकोच आहे, गावाची खबर हवी आहे.

दोघांनाही उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे: रस्ता. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद होतो. पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरच्या आंबेनळीत दरडी येतात. पोलादपूर आणि खेडमधल्या कशेडी घाटाला पर्याय असलेल्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवाआधी उघडली, तेव्हा गावी निघालेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: आज कोणत्या वाटेने? पोलादपूरच्या एखाद्या हॉटेलने सकाळी सातला दोन ओळी टाकल्या, "आज आंबेनळी सुरू, धुकं दाट, घाटात सावकाश", तर ती पोस्ट कुटुंबाच्या ग्रुपवर जाते. सोबत हॉटेलचं नावही जातं. फक्त प्रशासनाचा आदेश बघूनच लिहायचं. ऐकीव खबर एकदा चुकली की पुढच्या दहा खबरींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी प्रचंड गर्दी होते. त्या दिवशी शुभेच्छांची चित्रं शेकड्याने फिरतात. गाडी कुठे लावायची, हे सांगणारी पोस्ट शोधावी लागते. २० मार्चचंही तसंच. १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मरणार्थ हजारो लोक महाडला येतात. अभिवादनाच्या चित्रावर दुकानाची सवलत छापणं हा औचित्यभंग आहे. (काही चित्रांत लोगो बाबासाहेबांच्या फोटोएवढा असतो, ते वेगळंच.) पाणी, सावली, स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगितलं, तर येणाऱ्याच्या लक्षात राहतं.

'रेट इनबॉक्स'

लोकांना सगळ्यात जास्त वैताग देणारे हे दोन शब्द असावेत. कमेंटमध्ये कुणी दर विचारला की "इनबॉक्स केलंय". संवाद वाढेल अशी मालकाची समजूत असते. विचारणाऱ्याला वाटतं, आपला चेहरा बघून भाव ठरणार. दर, जेवण धरून की सोडून, गाडी दारापर्यंत येते का, मोबाइलला रेंज आहे का, एवढं पेजवर वरच पिन करून ठेवलं तर निम्मे प्रश्न संपतात. उरलेल्यांना खरं उत्तर द्यायला वेळही मिळतो.

व्हॉट्सॲपवर तर आणखी जपून. एकदा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला न विचारता ग्रुपमध्ये घालणं म्हणजे त्याचा नंबर अनोळखी लोकांपुढे ठेवणं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये ती अडचण नाही आणि तो संदेश तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो. म्हणजे नको असलेला माणूस आपसूक बाहेर राहतो. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनेलचीही सोय आहे. ज्याला हवं तो स्वतः येतो.

पोस्ट थांबवायची वेळ

२२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. वीज आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलं, आणि बाहेरगावची माणसं घरच्यांचा पत्ता लागावा म्हणून फोनला चिकटून बसली.

आता अशा दिवशी आठवडाभर आधी वेळ लावून ठेवलेली "पावसात चिंब व्हायला या" ही रील आपोआप पडली तर? यंत्राला पूर कळत नाही. म्हणून शेड्यूल केलेल्या पोस्ट कशा थांबवायच्या हे पेज बघणाऱ्या किमान दोघांना माहीत हवं, आणि त्यातला एक जण तालुक्याबाहेर असलेला बरा. इथली रेंज गेली तरी तो ते करू शकतो.

थांबायचं कधी, याचा अंदाज इथे नदीच देते. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर आहे. हवामान खात्याचा रायगडसाठी रेड अलर्ट आला किंवा नदी इशारा पातळीकडे सरकली की जाहिराती बंद. त्यानंतरची पहिली पोस्ट फोटोशिवायचीही चालेल: आम्ही सुखरूप आहोत, रस्ता अमुक ठिकाणी बंद आहे, या आठवड्याचं बुकिंग रद्द, आगाऊ रक्कम परत मिळेल, संपर्क या नंबरवर.