च्वानचू गल्लीतली तपकिरीची बाटली

साल 1780. छांगमन वेशीतून तुम्ही चीनमधल्या सुचौ शहरात शिरता आणि च्वानचू गल्लीत वळता. घराघरांतून एकच घरघर कानावर येते, ओल्या वाळूत फिरणाऱ्या लोखंडी चकत्यांची.

एका उंबऱ्याशी थांबा. कारागीर पायाखालच्या दोन फळ्या आलटून-पालटून दाबतो आहे. पट्टा ओढला जातो, चकती कधी पुढे, कधी मागे गरगरते. एका हातात जेड या मौल्यवान दगडाचा गोटा, दुसऱ्या हाताने तो चकतीवर ओली वाळू सोडतो. जेडपुढे पोलादी सुरीचेही काही चालत नाही. ते झिजते ते या कठीण वाळूने, कणाकणाने.

गोटा आला आहे दूर खोतानच्या नदीपात्रातून. छ्येनलुंग बादशहाने 1759 मध्ये तो मुलूख पुरता ताब्यात घेतला आणि इथे जेडची आवक वाढली. चोरटा मालही येई. त्याच मुलखातल्या यार्कंदचा अधिकारी गाओ पू तर बादशहाच्या दिवंगत राणीचा भाचा. पण जेडच्या चोरट्या व्यापारापायी 1778 मध्ये त्याला देहदंड झाला.

कारागीर अशाच गोट्यातून घडवलेली तपकिरीची तयार बाटली तुमच्या हातावर ठेवतो. मुठीत सहज मावणारी, स्पर्शाला गार. गोट्याची तांबूस साल त्याने वाया घालवलेली नाही. तिच्यातूनच पाइनचे झाड उठवले आहे. बूच काढा. त्याला चिमुकला हस्तिदंती चमचा जोडलेला आहे. दमट हवेत तपकिरीचा वास उडू नये म्हणून तोंड असे अरुंद, करंगळीही आत जाणार नाही.

आणि एवढ्याशा तोंडातून त्याने आतला सगळा दगड काढला आहे! आधी सरळ भोक पाडायचे, मग आकड्यासारखी वाकडी हत्यारे आणि वाळू घालून खांद्यापर्यंत पोखरत जायचे. आत काहीच दिसत नाही. भिंत किती उरली हे हाताला कळायला हवे. एक घास जास्त घेतला की महिनोन्महिन्यांची मेहनत फुकट.

आता ती उजेडासमोर धरा. पातळ भिंतीतून प्रकाश सगळीकडे सारखा झिरपतो. जुनी बाटली पारखताना बाहेरच्या नक्षीवर थांबू नका, आतली पोकळी पाहा. तिथे फक्त तपकीर जाणार होती, तरी या माणसाने तिथेही हात आखडता घेतला नाही. त्याची खरी थोरवी त्या पोकळीत आहे.